मोठी कॉइल, लहान सोने: मढच्या वाळूत डिटेक्टर वापरण्याआधी

मेटल डिटेक्टर विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती खोलवरचे दाखवेल? विक्रेत्याचे उत्तरही ठरलेले असते: मोठी कॉइल लावा. ऑस्ट्रेलियाच्या किंवा ॲरिझोनाच्या वाळवंटात सोन्याचे खडे शोधणाऱ्यांच्या चित्रफिती पाहिल्या की हे उत्तर आणखी पटते, कारण पडद्यावर पंधरा-अठरा इंची ताटल्या दिसतात आणि हातात सोने दिसते. मुंबईच्या मढ, एरंगळ, अक्सा या किनारपट्ट्यात डिटेक्टर घेऊन उतरू पाहणाऱ्यांनी हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. कॉइल निवडताना आधी जमीन पाहायची, मग वस्तू किती खोल असेल याचा अंदाज घ्यायचा, आणि या दोहोंतून निघेल तो आकार घ्यायचा. मढच्या किनाऱ्यावर हा आकार बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा लहान निघतो. वाळवंटातल्या बारीक सोन्यालाही हाच नियम लागू पडतो. तो का, हे समजले तर चुकीच्या कॉइलवर जाणारे पैसे वाचतील आणि हाताला लागणाऱ्या वस्तूही वाढतील.

कॉइल म्हणजे ताटलीत बसवलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्यातून बदलता विद्युत प्रवाह सोडला की खाली चुंबकी क्षेत्र तयार होते. ते धातूच्या तुकड्यात भोवरी प्रवाह निर्माण करते, त्या प्रवाहाचे स्वतःचे इवलेसे चुंबकी क्षेत्र वर येते आणि कॉइल ते टिपते. क्षेत्राला खाली जावे लागते आणि उत्तराला पुन्हा वर यावे लागते, म्हणून अंतराचा फटका दोनदा बसतो. कॉइलपासून दूर गेल्यावर क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. जाण्यायेण्याचा हिशोब एकत्र केला तर संकेत अंतराच्या सहाव्या घातात कमी होतो, म्हणजे खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टावा हिस्सा उरतो. दहा सेंटीमीटरवर स्पष्ट वाजणारी अंगठी वीस सेंटीमीटरवर मुकी का होते, याचे कारण हे आहे. यंत्र दुप्पट किमतीचे घेतले म्हणून खोली दुप्पट होत नाही, तेही याचमुळे.

आकाराचे गणित

मोठ्या कॉइलचे क्षेत्र खोलवर पोहोचते हे खरे आहे, पण त्याची किंमत जवळच्या वस्तूंसाठी मोजावी लागते. तेवढाच प्रवाह आणि तेवढेच वेढे मोठ्या वर्तुळावर पसरले की कॉइलच्या लगतचे क्षेत्र पातळ होते. गोल कॉइलच्या मध्यरेषेवर लहान तुकडा ठेवला आहे असे धरून साधा हिशोब केला, तर सर्वांत मोठा संकेत देणारी त्रिज्या खोलीच्या सुमारे १.४ पट येते. वस्तू १० सेंटीमीटर खोल असेल तर २८ सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे ११ इंची कॉइल. वस्तू ५ सेंटीमीटरवर असेल तर साधारण साडेपाच-सहा इंची. तीन कॉइलची तुलना करून पाहू. पाच सेंटीमीटर खोलीवर ६ इंची कॉइल १५ इंचीच्या अडीच पटींहून अधिक संकेत देते. दहा सेंटीमीटरवर ११ इंची पहिली येते आणि १५ इंची तिच्या थोडी मागे राहते. वीस सेंटीमीटरवर मात्र १५ इंची कॉइल ६ इंचीच्या आठ पटींहून जास्त आणि ११ इंचीच्या सुमारे दीडपट संकेत देते. प्रत्यक्षातल्या कॉइलचे वेढे, आकार आणि विद्युतरचना वेगवेगळी असते, त्यामुळे हे आकडे एखाद्या मॉडेलची हमी म्हणून घेऊ नयेत. कल कोणत्या बाजूला आहे, ते मात्र यातून नीट दिसते.

हा हिशोब निव्वळ हवेतला आहे. वस्तूखेरीज जमीनही उत्तर देते, आणि कॉइलच्या निवडीचा खरा निकाल तिथे लागतो. जमिनीत लोहयुक्त चुंबकी कण असतील तर त्यांचा संकेत साधारण कॉइलच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. जमिनीत खारे पाणी असेल तर वाढ फार वेगाने होते, कारण पाण्यातही भोवरी प्रवाह फिरतात आणि त्यांचा संकेत त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात चढतो. सहा इंचीवरून पंधरा इंचीवर गेलो की त्रिज्या अडीच पट होते, चुंबकी मातीचा गोंगाट अडीच पट होतो आणि मिठाचा जवळपास पंधरा पट. आता वीस सेंटीमीटर खोलीचे उदाहरण पुन्हा घ्या. अकरा इंचीऐवजी पंधरा इंची लावल्याने अंगठीचा संकेत दीडपट झाला, पण खाऱ्या वाळूचा संकेत अडीच पट झाला. कानाला ऐकू येतो तो या दोहोंतला फरक, आणि तो मोठ्या कॉइलने कमीच केला. मोठ्या कॉइलचा सगळ्यात मोठा गुण सांगितला जातो तो खोलीचा, आणि ओल्या खाऱ्या वाळूत तोच उणा पडतो.

मढची वाळू आणि वाळवंटाची जमीन

मढच्या किनाऱ्यावर एकच जमीन नाही, तीन पट्टे आहेत. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू, भरती-ओहोटीच्या मधला ओलसर उतार आणि ओहोटीला उघडी पडणारी, पाण्याने चिंब सपाटी. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता सुमारे ५ सीमेन्स प्रति मीटर असते. सोन्यापुढे ती नगण्य आहे. पण अंगठी असते दोन-तीन ग्रॅमची आणि कॉइलखाली ओली वाळू असते बादल्या भरून. म्हणून कोरड्या वाळूत शांत असलेले यंत्र ओल्या पट्ट्यात पाऊल टाकताच कुरकुर करू लागते. लोहकणांची परीक्षा सोपी आहे. जुन्या स्पीकरमधला चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूतून फिरवा आणि पिशवीला किती काळी पूड चिकटते ते पाहा. लाटांनी हलकी वाळू धुऊन नेलेल्या जागी, कातळाच्या पायथ्याशी आणि काळसर पट्ट्यांत ही पूड जास्त सापडते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाच्या काळ्या वाळूचे साठे प्रसिद्ध आहेत. कोकणात खाली उतरणाऱ्याला हा प्रश्न अधिक तीव्रतेने भेटेल, जांभ्याच्या लाल मातीवर तर विशेषच.

वाळवंटातल्या सोने शोधणाऱ्यासमोरही हीच दोन संकटे असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या परिसरात १८९३ साली सोन्याची धावपळ सुरू झाली, तो मुलूख लोहयुक्त लाल मातीचा आणि खाऱ्या, कोरड्या सरोवरांचा आहे. तिथे यंत्राला लोखंडी दगड फसवतात आणि पाऊस पडून गेला की मीठ फसवते. म्हणून तिथल्या अनुभवी माणसांच्या गाडीत एकच मोठी कॉइल नसते. अनोळखी मोकळ्या जमिनीवर खोलवरच्या मोठ्या खड्यासाठी मोठी, आणि जिथे एकदा सोने लागले तिथे उथळ बारीक खडे वेचायला आठ ते अकरा इंची किंवा त्याहून लहान, असा त्यांचा क्रम असतो. चित्रफितीत आपण पाहतो तो या क्रमाचा पहिला भाग असतो.

मढला जे सापडण्याची शक्यता आहे ते खडे नव्हेत, माणसांच्या अंगावरून निसटलेले दागिने आहेत. गणेश विसर्जनाच्या गर्दीत पाण्यात उतरलेल्यांच्या अंगठ्या आणि साखळ्या, एरंगळला जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरणाऱ्या सेंट बोनाव्हेंचर चर्चच्या जत्रेत पडलेली नाणी आणि कर्णफुले, सुट्टीच्या दिवशी अक्साच्या वाळूत हरवलेले पैंजण. बावीस कॅरेट सोन्याची घनता पाण्याच्या सतरा-अठरा पट असते, वाळूच्या कणांची जेमतेम अडीच ते पावणेतीन पट. त्यामुळे लाटा वाळू हलवत राहतात तशी जड वस्तू खाली जात राहते, आणि शिंपल्यांच्या किंवा खड्यांच्या घट्ट थरावर थांबते. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यात ती हळूहळू परत येते. म्हणून पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस महत्त्वाचे: वरचा थर गेलेला असतो आणि वस्तू उथळ झालेल्या असतात. जोर खोलीवर देण्यापेक्षा वेळेवर आणि जागेवर दिला तर पंधरा इंची कॉइलचे काम निसर्ग करून ठेवतो.

डबल-डी, कॉन्सेंट्रिक, मोनोलूप

आकारानंतर रचना. कॉन्सेंट्रिक कॉइलमध्ये बाहेरचे वेटोळे क्षेत्र सोडते आणि आतले टिपते. तिचा माग, म्हणजे जमिनीचा ती जेवढा भाग पाहते तो, शंकूसारखा, खाली निमुळता होत जाणारा असतो. कोरड्या आणि स्वच्छ वाळूत ती चांगली चालते, वस्तूचा मध्य अचूक दाखवते आणि बाटलीचे पत्र्याचे बूच कोणते, नाणे कोणते हे बऱ्यापैकी सांगते. पण जमिनीचा जो संकेत येतो तो ती पूर्ण शंकूभर गोळा करते, आणि म्हणून लोहकण किंवा मीठ वाढले की डळमळते. डबल-डी कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून थोडी एकमेकांवर चढवलेली असतात. तिचा माग समोरून मागे जाणाऱ्या अरुंद पट्टीसारखा असतो, त्यामुळे एका वेळी ती जमीन कमी पाहते आणि कठीण जमिनीत स्थिर राहते. तिचा दोष असा की सपाट लोखंडी बुचाला ती पुष्कळदा चांगली वस्तू समजते. मोनोलूपमध्ये एकच वेटोळे सोडते आणि तेच टिपते. ती पल्स इंडक्शन (तुटक स्पंद सोडून मधल्या वेळात ऐकणाऱ्या) यंत्रांबरोबर येते आणि संवेदनशीलतेत सरस असते, पण लोहयुक्त जमिनीत जास्त ओरडते. शिवाय ही यंत्रे लोखंड वेगळे काढण्यात कच्ची असतात. मढचा किनारा होड्यांच्या खिळ्यांचा, गळांचा आणि तारांचा आहे. तिथे प्रत्येक आवाजावर खणत बसलात तर दुपार खिळे वेचण्यात जाईल.

यावरून मढसाठी माझे मत स्पष्ट आहे. पहिली कॉइल डबल-डी, आठ ते अकरा इंचांची. ओल्या पट्ट्यात जास्त वेळ जाणार असेल तर या मर्यादेतली लहान घ्यावी. दुसरी कॉइल घ्यायचीच असेल तर ती मोठी घेण्याऐवजी पाच-सहा इंची घ्यावी, जी कातळाच्या फटींत, जेट्टीच्या आसपास आणि लोखंडी कचऱ्याच्या गर्दीत दोन वस्तू वेगळ्या ऐकवेल. मोठी कॉइल तिसऱ्या क्रमांकावर, तीही फक्त कोरड्या, रुंद आणि स्वच्छ वाळूसाठी.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप वेगाचा: लहान कॉइलने किनारा कधी उरकायचा? हा आक्षेप वजनदार आहे, पण त्यामागे एक गैरसमज आहे. पंधरा इंची कॉइल पंधरा इंच रुंद पट्टा झाडते ती फक्त वरच्या थरात. तिच्या कमाल खोलीवर तिचा माग मध्याजवळ आकसलेला असतो. ती खोली खरोखर वापरायची तर प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्म्याहून जास्त चढवावा लागतो, आणि मग वेगाचा फायदा बराचसा जातो. त्यात वजन येते. दांड्याच्या टोकाला असलेले जास्तीचे दोन-तीनशे ग्रॅम तासाभराने खांद्याला कळतात. थकलेला हात कॉइल झोक्याच्या दोन्ही टोकांना उचलतो, आणि वाळूपासून पाच सेंटीमीटर उचललेली कॉइल म्हणजे पाच सेंटीमीटर घालवलेली खोली. शिवाय सगळा किनारा झाडायची गरजच नसते. लाटा जड वस्तू ओळीने जमवतात. मासेमारीच्या पागाच्या (फेकजाळ्याच्या) कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या तुटून वाळूत पडतात. अशा तीन-चार गोळ्या आणि एखादे जुने नाणे एका रेषेत लागले, की जड वस्तूंची रेषा सापडली असे समजावे आणि तिथे पावले आखडती घेऊन बारीक शोध घ्यावा. ज्या लाटेने शिसे तिथे ठेवले ती सोनेही तिथेच ठेवते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा: आजची यंत्रे एकाच वेळी अनेक वारंवारता वापरून मिठाचा परिणाम पुसून टाकतात, मग कॉइलची एवढी चिंता कशाला? अनेक वारंवारतांची यंत्रे समुद्रकिनाऱ्यावर निश्चितच सरस आहेत, आणि नवे यंत्र घेणाऱ्याने तीच घ्यावीत. पण पुसण्याला किंमत असते. मिठाच्या पाण्याचा संकेत आणि पातळ साखळीचा किंवा बारीक कर्णफुलाचा संकेत एकमेकांच्या शेजारी येतात. मीठ पुसताना यंत्र या बारीक सोन्याचाही काही भाग पुसते. पल्स इंडक्शनमध्ये हीच अडचण दुसऱ्या वाटेने येते. मिठाचा प्रतिसाद काही मायक्रोसेकंदांत विरतो म्हणून यंत्र थोडे थांबून ऐकते, आणि बारीक सोन्याचा प्रतिसादही तेवढ्याच घाईत विरून गेलेला असतो. वाळवंटात गव्हाच्या दाण्याएवढे खडे हुकतात तेही याच कारणाने. यंत्राला पुसावे लागणारे मीठच कमी दिले तर सोने कमी पुसले जाईल, आणि कमी मीठ देण्याचा सरळ उपाय म्हणजे लहान कॉइल.

तिसरा आक्षेप पुराव्याचा: मोठ्या कॉइलवाल्यांना मोठे सोने सापडतेच ना? सापडते. पण मोठे सोने सापडण्याचे श्रेय दर वेळी कॉइलच्या आकाराला जात नाही. १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, किंगोअरजवळ, मेटल डिटेक्टरने २७ किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ हा गोटा सापडला. तो जमिनीखाली सुमारे ३० सेंटीमीटरवर होता. एवढ्या आकाराचे सोने त्या खोलीवर साधी मध्यम कॉइलही दाखवते. कॉइलची कसोटी लागते ती मोठ्या गोट्यावर नाही, अर्ध्या ग्रॅमच्या तुकड्यावर. वाळवंटात असे तुकडे गोट्यांच्या मानाने अगणित असतात, आणि मढला तर दुसरे काही नसतेच. पर्थ किंवा मेलबर्नकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या कोणाला मायनर्स राइट हा परवाना काढून सुट्टीत हा छंद करायचा असेल, तर त्यांनाही हीच शिफारस: सुरुवात मध्यम कॉइलने करा, आणि बारीक सोने लागले त्या जागी लहान कॉइल घेऊन परत जा.

स्वतःची चाचणी घ्या

माझ्या युक्तिवादावर विश्वास ठेवण्यापेक्षा तो तपासून पाहणे उत्तम, आणि तपासायला सोने लागत नाही. शिसे आणि बारीक सोने यांचे संकेत पुष्कळ जवळचे असतात, म्हणून सोने शोधणारे जगभर शिशाच्या तुकड्यांवर यंत्र पारखतात. कोळीवाड्याजवळच्या दुकानात मिळणारी जाळ्याची एक लहान शिशाची गोळी आणि एक पातळ पितळी कडी घ्या. दोन्हींना नायलॉनचा दोरा बांधा, म्हणजे वाळूत हरवणार नाहीत. कोरड्या, ओलसर आणि चिंब अशा तिन्ही पट्ट्यांत आधी यंत्राने जागा रिकामी असल्याची खात्री करा. मग तिथली जमीन धरून ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे जमिनीचा स्वतःचा संकेत यंत्राकडून वजा करून घ्या, आणि संवेदनशीलता यंत्र शांत राहील इतपतच ठेवा. गोळी ५, १० आणि १५ सेंटीमीटरवर पुरा आणि दोन्ही दिशांनी झोके घ्या. दोन्ही दिशांना सारखा आवाज आला तरच तो मोजा. कॉइल बदलली की ग्राउंड बॅलन्स पुन्हा करा, नाहीतर तुलना अन्यायाची होते. पट्टा, खोली, कॉइल आणि आवाज स्पष्ट की तुटक, एवढे चार रकाने वहीत लिहा. कोरड्या पट्ट्यात पुढे असलेली कॉइल ओल्या पट्ट्यात मागे पडते का, ते या तक्त्यात उघड दिसेल.

काही गोष्टी कॉइलच्या नावावर खपतात पण दोष निगेचा असतो. कॉइलखालच्या प्लॅस्टिक आवरणात काळी वाळू साचली की यंत्राला ती सतत जमिनीसारखी दिसते, म्हणून दर फेरीनंतर आवरण काढून धुवा. दांड्याला गुंडाळलेली केबल सैल असेल तर तिच्या हालचालीनेही खोटे आवाज येतात. कॉइल पाण्यात चालते म्हणजे वरची पेटीही चालते असे नाही, माहितीपत्रक वाचूनच ओल्यात जा. कॉइल त्या त्या मॉडेललाच जुळते, तेव्हा दुसऱ्या कंपनीची स्वस्त कॉइल घेण्याआधी तुमच्या यंत्राचे नाव तिच्यावर आहे का ते पाहा. घरी आल्यावर सगळे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

कायदा आणि समुद्र

मढचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला आणि १७३९ साली मराठ्यांनी जिंकला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, आणि याच पट्ट्यात नौदलाचे आयएनएस हमला हे केंद्र आहे. किल्ला, त्याचा उतार आणि संरक्षण खात्याच्या कुंपणालगतची जमीन यांपासून डिटेक्टर लांब ठेवा. किनाऱ्यावर उतरण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात सांगणे आणि कोळीवाड्यातल्या माणसांना विचारणे शहाणपणाचे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो: काय सापडले, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. अलीकडे हरवलेली अंगठी ही तिच्या मालकाची असते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू ठेवून घेणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारी येते, आणि मालक शोधण्याचा प्रयत्न न करता ती अप्रामाणिकपणे लाटणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो. कायद्याच्या पलीकडेही हे महत्त्वाचे आहे. विसर्जनात निसटलेले मंगळसूत्र परत मिळणे म्हणजे त्या घराला काय मिळणे, हे सांगायची गरज नाही, आणि या छंदाची किनाऱ्यावरची पत त्यावरच उभी राहील. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवा आणि निघालेले गळ-खिळे सोबत घेऊन जा, कारण त्याच वाळूवर उद्या मुले अनवाणी धावतात.

समुद्राबद्दल एकच सक्त सूचना. अक्साचा किनारा बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे. ओहोटीच्या सपाटीवर हेडफोन लावून मान खाली घालून चालणाऱ्याला मागून चढणारे पाणी कळत नाही, आणि उधाणाच्या दिवसांत भरती वेगाने येते. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघा, ओहोटी पूर्ण होण्याआधी दीड-दोन तास उतरा आणि पाणी वळले की वर या. एकटे जाऊ नका, आणि गुडघाभर पाण्यातही शोध घेऊ नका. त्या पट्ट्यासाठी कोणतीही कॉइल योग्य नाही.

आता खरेदीपुरते बोलायचे तर क्रम असा ठेवा. पैसे मर्यादित असतील तर ते अनेक वारंवारतांच्या यंत्रावर आणि त्याच्यासोबत येणाऱ्या मध्यम डबल-डी कॉइलवर खर्च करा. तिच्यावर एक पूर्ण हंगाम काढा, शिशाच्या गोळीचा तक्ता भरा आणि तुमच्या वस्तू कोणत्या पट्ट्यात, किती खोलीवर लागतात ते पाहा. बहुतेक वस्तू दहा सेंटीमीटरच्या आत लागत असतील तर पुढची खरेदी लहान कॉइलची. कोरड्या वाळूत पंधरा सेंटीमीटरच्या खाली, तुटक पण पुन्हापुन्हा येणारे आवाज सोडून द्यावे लागत असतील, तरच मोठी कॉइल तिच्या किमतीला जागेल. हा निर्णय वहीतल्या आकड्यांवर घ्या, विक्रेत्याच्या शब्दावर नको.